माफी एलिझाबेथने का मागायची?

पाचवी रांग:
आर्थर मिलरचं नाटक 'द क्रूसिबल' पुन्हा वाचलं. १६९२ सालचं अमेरिकेतलं सेलम गाव, चेटकिणींचे खटले, फाशा. १९५३ मध्ये न्यूयॉर्कला रंगमंचावर आलं तेव्हापासून सगळे त्यात दिसणाऱ्या मॅकार्थीबद्दलच, म्हणजे तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्ट हुडकत फिरणाऱ्या सिनेटरबद्दलच बोलतात. मला बोलायचंय प्रॉक्टर नवरा-बायकोबद्दल. जॉनने घरी कामाला असलेल्या अ‍ॅबिगेलशी संबंध ठेवले, कळल्यावर एलिझाबेथने तिला काढून टाकलं, मग तिने एलिझाबेथवरच चेटकाचा खोटा आरोप केला. इथवर ठीक. पण चौथ्या अंकात, चेटकाच्याच आरोपाखाली जॉनला फाशी व्हायची त्या सकाळी, गरोदर एलिझाबेथच त्याला सांगते की पाप माझंही आहे, बायको थंड असली की नवऱ्याचा पाय घसरतो. शेण खाल्लं त्याने आणि चूळ भरायची हिने?

विंगेतून:
असहमत. दुसऱ्या अंकाची सुरुवात आठवा. जॉन शेतावरून येतो, चुलीवरच्या रश्श्याची चव घेतो. अळणी. ती वर मुलांना निजवतेय तोवर गुपचूप मीठ टाकतो आणि जेवताना म्हणतो, झकास झालंय. ती सुखावते, म्हणते, खूप लक्ष देऊन केलंय. अख्खा संसार त्या चिमटीत आहे हो! दोघं एकमेकांना जपतायत, आणि जपण्यातच खोटं शिरलंय. चौथ्या अंकात ती त्याच्या पापाला सूट देत नाही. मी रूपाने सामान्य, माझ्यावर कुणाचं खरं प्रेम बसेल हेच मला पटलं नाही, असं ती म्हणते. ती कबुली आहे, माफीनामा नव्हे.

पाचवी रांग:
मिठाचं पटलं. पण त्याच प्रवेशात हा गुन्हेगारच तिच्यावर ओरडतो, घराचं कोर्ट केलंयस म्हणून. आणि पुढे चेटकाची चौकशी करणारा धर्मगुरू रेव्हरंड हेल बायबलमधल्या दहा आज्ञा म्हणायला सांगतो तेव्हा याला नेमकी व्यभिचाराचीच आठवत नाही, तीही बायकोने सुचवायची!

तिसरी घंटा:
तुम्ही दोघंही नवरा-बायकोतच अडकलात. अ‍ॅबिगेलचं काय? नाटकात १७ वर्षांची, आईबाप डोळ्यांदेखत मारले गेलेली मोलकरीण, मालक तिशीतला. प्रत्यक्षात ती जेमतेम ११-१२ वर्षांची होती आणि प्रॉक्टर साठीचा. हे प्रकरण मिलरने रचलं, त्यासाठी तिचं वय वाढवलं, ते त्याने छापूनही सांगितलंय. पोरगी खलनायिका, पुरुषाची टोचणी मात्र शोकांतिका. शिवाय तेव्हा त्याचं स्वतःचं लग्न डळमळत होतं. १९५६ मध्ये घटस्फोट, त्याच वर्षी मर्लिन मन्रोशी लग्न. 'थंड बायको'चं वाक्य एलिझाबेथच्या तोंडी कुणी घातलं, ते बघा की.

विंगेतून:
लेखकाच्या घरात शिरलं की नाटक वाचायचं राहून जातं. त्याच लेखकाने तिसरा अंकही लिहिलाय. अ‍ॅबिगेलचा खोटेपणा उघडा पाडायला जॉन भर कोर्टात स्वतःच्या अब्रूवर पाणी सोडून संबंधांची कबुली देतो, वर म्हणतो माझी बायको कधी खोटं बोलत नाही. तिला बोलावतात. तो आणि अ‍ॅबिगेल पाठमोरे. नवरा व्यभिचारी आहे का? ती म्हणते, नाही. त्याचं नाव राखायला आयुष्यातलं एकमेव खोटं, आणि त्यानेच तो बुडतो. थंड बाई असं करेल?

पाचवी रांग:
म्हणजे ती थंड नव्हतीच. मग ते वाक्य खोटं ठरलं ना, तुमच्याच तोंडून!

विंगेतून:
तिला ते खरं वाटतं, एवढंच म्हणतोय.

पाचवी रांग:
मी बसवलं तर ते वाक्य तिला जॉनकडे न बघता म्हणायला लावेन.

विंगेतून:
मी बघूनच.