पांबनचा नवा पूल: उचलता गाळा हवाच होता का?

गाडीतळ: तमिळनाडूत रामेश्वरम बेटाला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या, 6 एप्रिल 2025 ला सुरू झालेल्या पांबनच्या रेल्वे पुलात बोटींसाठी 72.5 मीटरचा, 660 टनांचा गाळा (दोन खांबांमधला भाग) सरळ वर उचलतात. शेजारी 1988 चा रस्त्याचा पूल आहे, त्याखालून बोटी खुशाल जातात. रेल्वेनेही तसाच उंच पूल का बांधला नाही? दोर, कप्प्या, मोटारी, सेन्सर आले की खाऱ्या हवेत काहीतरी अडणारच.

खारवारा: चढाचा हिशेब करा की. बोटींना 22 मीटर मोकळी उंची हवी. रूळ 20 मीटर चढवायचे तर 1:100 ने (100 मीटरला 1 मीटर चढ) दोन्हीकडे 2-2 किमी, 1:200 ने 4-4. अख्खा पूल 2.08 किमी! पांबन स्टेशन पुलाच्या तोंडाशीच आहे, ते काय हवेत टांगणार? रस्ता 1:30 ने चढतो, मालगाडी नाही चढत.

आणि मोटार 660 टन उचलत नाही. दोन्ही मनोऱ्यांत प्रतिभार, म्हणजे गाळ्याचं वजन तोलणारी वजनं, आहेत; मोटारीला फक्त घर्षण आणि वारा जिंकायचा असतो. खरी भीती वेगळीच: दोरांचा ताण असमान झाला की एक कोपरा मागे राहतो आणि गाळा मार्गदर्शक पट्ट्यांत अडकतो. म्हणून ताण वरचेवर मोजावा लागतो.

गाडीतळ: मग बोटींची वाटच बंद करा.

खारवारा: धनुष्कोडीपलीकडे लागलीच श्रीलंकेची हद्द, मध्ये रामसेतूचं उथळ पाणी. पांबन बंद केलंत तर मन्नारच्या आखातातून पाल्कच्या सामुद्रधुनीत जायला मोठ्या बोटींना श्रीलंकेला वळसा.

रूळबदल: दोघंही गंजाला विसरलात. 1914 चा जुना रेल्वे पूल 2022 च्या डिसेंबरात बंद झाला तो गंजानेच. नव्यात स्टेनलेस सळ्या आणि पॉलिसिलॉक्सेन रंग आहे, मान्य. पण रंग सपाट पत्र्यावर टिकतो. गंज धरतो तो वेल्डच्या कडेला आणि पाणी साचणाऱ्या खाचांत. रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी 2024 च्या अहवालात गंजावर बोट ठेवलंच होतं. वेगही पुलावर ताशी 75 किमी, उचलत्या गाळ्यावर 50 एवढाच दिला.

खारवारा: जुन्यावर 10 ने रांगत होती गाडी!

रूळबदल: वेगाचं सोडा. प्रत्येक वेल्डपर्यंत तपासणीसाला हात पोचेल अशी शिडी-पायवाट आहे का, ते सांगा.