पोस्ट-रिसीव्ह हुकला पोरखेळ म्हणणाऱ्यांना

रातपाळी:
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, "गिट हुकने डिप्लॉय म्हणजे पोरखेळ. पाइपलाइन नसेल तर प्रॉडक्शनला हात लावू नये." वाचून तिडीक गेली डोक्यात. (नवख्यांसाठी: गिट कोडमधल्या बदलांची नोंद ठेवतं, हुक म्हणजे ते ठरावीक क्षणी आपोआप चालवतं ती स्क्रिप्ट, डिप्लॉय म्हणजे कोड सर्व्हरवर चढवणं, पाइपलाइन म्हणजे कोड तपासून चढवणारी वेगळी स्वयंचलित यंत्रणा.) माझ्याकडे एका पतसंस्थेची आणि दोन शाळांची साइट आहे, प्रत्येकी एकच सर्व्हर. सर्व्हरवर बेअर रिपो, म्हणजे फक्त नोंदींचा गिट साठा, आणि त्याच्या हुक्स फोल्डरमध्ये पोस्ट-रिसीव्ह, म्हणजे कोड येऊन पोचल्यावर चालणारा हुक, एवढंच. ढकललेली (पुश केलेली) ब्रँच, म्हणजे कोडची शाखा, मेन आहे का ते बघायचं, वर्क-ट्री (साइटचं फोल्डर) देऊन चेकआउट -एफ, म्हणजे तिथल्या फायलींवर नवा कोड जबरदस्तीने उतरवायचा, मग पीएचपी रीलोड. हुकने छापलेले संदेश माझ्याच टर्मिनलवर उमटतात, काय झालं ते तिथेच कळतं. याआधी फाइलझिला या प्रोग्रॅमने हाताने फायली चढवायचो. एकदा हेडर चढलं, फंक्शन्सची फाइल राहिली आणि शाळेच्या निकालाच्या दिवशी साइट पांढरीफटक. मुख्याध्यापकांचे फोन मी घेतलेत, पाइपलाइनवाल्यांनी नाही.

कोरडवाहू:
पोरखेळ हा शब्द चुकला. मुद्दा चुकलेला नाही. पोस्ट-रिसीव्ह चालतो तोवर ब्रँच पुढे सरकलेली असते. तुमची स्क्रिप्ट मध्येच पडली तरी पुश झालेलाच राहतो. अडवायचं तर प्री-रिसीव्हमध्ये, म्हणजे ब्रँच सरकण्याआधी चालणाऱ्या हुकमध्ये, अडवावं लागतं. शिवाय रिपोची प्रत (क्लोन) घेतली तर हुक तिच्याबरोबर येत नाहीत. उद्या सर्व्हर बदलला आणि तुम्ही गावाला असलात, तर त्या ओळी कुणाला सापडणार?

तिसरी_मजल:
चेकआउट -एफचं नाव काढू नका. क्लायंटचा माणूस सर्व्हरवर नॅनो हा एडिटर उघडून कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) डेटाबेसचा नवा पासवर्ड टाकून गेला. ती फाइल रिपोत होती. रात्री मी सीएसएसची, म्हणजे साइटच्या दिसण्याची, एक ओळ ढकलली आणि जुना पासवर्ड परत आला. पावणेदोनपर्यंत मी डेटाबेसचे लॉग चाळत होते, कारण सीएसएसने डेटाबेस पडेल असं कुणाच्या मनात येईल?

रातपाळी:
ताई, पासवर्ड रिपोत ठेवला, यात हुकचा काय दोष?

तिसरी_मजल:
रिपो माझ्या हातात आला तेव्हाच तसा होता. चार वर्षांच्या कमिट (बदलांच्या नोंदी) मी केलेल्या नाहीत. न विचारता दोष देऊ नका.

एसएसएच_चावी:
दोष थेट सर्व्हरवर हात घालणाऱ्याचा. अशा माणसाची सर्व्हरवर शिरायची चावी त्याच दिवशी काढून घ्यावी.

तिसरी_मजल:
चावी काढा म्हणे! रात्री अकराला पैसे भरणं अडलं, मी फोन उचलला नाही, तर त्याने काय करायचं? त्याने त्याचं काम केलं. बदल पुसला जाण्याआधी हुकने थांबून सांगायला हवं होतं.

एसएसएच_चावी:
तातडीचा बदल करा, पण पाच मिनिटांत कमिट करा. आमच्याकडे वरिष्ठच हे करत नाहीत आणि निस्तरतो आम्ही. माझा राग त्याचा आहे, तुमच्यावर नाही.

रातपाळी:
मूळ मुद्दा राहिला. हाताने चढवणं किती महाग पडतं ते २०१२ मध्ये नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर-व्यवहार कंपनीने पाहिलं. ८ पैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त गेले.

कोरडवाहू:
ते उदाहरण तुमच्यावरच उलटतं. ८ सर्व्हर असते तर तुमचा हुक कुठल्या एकावर बसवला असता?

रातपाळी:
८ असते तर नसता बसवला. माझ्याकडे एकेकच आहे, हे पहिल्याच ओळींत लिहिलंय. ब्रँच आधीच सरकते हे मात्र खरं, ते मी धरलं नव्हतं. आज प्री-रिसीव्हमध्ये नवी कमिट गिट आर्काइव्हने टेम्पमध्ये (तात्पुरत्या फोल्डरमध्ये) उलगडून प्रत्येक पीएचपी फाइलवर पीएचपी -एल, म्हणजे व्याकरणाची तपासणी, चालवतो. चूक निघाली की पुश परत. कॉन्फिग रिपोबाहेर काढतो, ताईंमुळे. पाइपलाइन मात्र लावणार नाही.

कोरडवाहू:
नका लावू. हुकची स्क्रिप्ट तेवढी रिपोत ठेवा, तुमच्या मागून येणाऱ्याला सापडेल.

तिसरी_मजल:
आणि चेकआउटच्या आधी वर्क-ट्री देऊन गिट डिफ --क्वाएट, म्हणजे फायली बदलल्यात का ते तपासणारी आज्ञा, लावा आणि फरक निघाला तर स्क्रिप्ट थांबवा. सर्व्हरवर कुणी काही बदललं असेल तर तिथेच थांबेल. मी त्या रात्रीनंतर लावलंय.