‘आपण काय परके आहोत का?’ – आजार घरात कसा शिरला, अनुभव लिहा

होटगीरोडकरीण:
माझ्या सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे. परवा गावाकडून मामेसासरे आले आणि खोकत खोकत थेट त्यांच्या पलंगावरच टेकले. मी मास्क पुढे केला तर हसले. “आता कुठला कोरोना, सूनबाई? आणि आपण काय परके आहोत का?” चहा घेतला, मनसोक्त खोकले आणि गेले. सासूबाईंना काही झालं नाही, नशीब.

पण २०२०-२१ मध्येही हेच चाललं होतं की! आमच्या सोलापुरात सात रस्त्याला पोलीस दिसला की मास्क नाकावर, घरात पाऊल टाकलं की खुंटीवर. परक्यांपासून जपायचं आणि ज्यांना खरा धोका त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसायचं.

तर म्हातारी माणसं, दमेकरी, मधुमेही, कीमो-डायलिसिसवाले, गरोदर बायका यांच्यापर्यंत आजार कसा पोचला, तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. माणसांची, दवाखान्यांची नावं नकोत. भांडणंही नकोत, पण ती होणार हे माहीत आहे.

कुंभारीचा:
‘रुग्णानं वेगळ्या खोलीत राहावं’ हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला आमच्या विडी कामगारांच्या घरकुलात एक रात्र झोपवा.

शेजारच्या अक्का अंगात ताप असताना विड्या द्यायला कारखान्यात जायच्या. विड्या दिल्या नाहीत तर पुढचा पत्ता-तंबाखू नाही, आणि पत्ता नाही तर मजुरी नाही. लॉकडाऊनमध्ये कारखाने बंद राहून आधीच सगळं संपलं होतं, सुरू झाल्यावर कोण घरी बसेल? घरात त्यांचे सासरे, सगळी उमर पॉवरलूमवर गेलेली, छाती आधीच सुताच्या धुळीनं भरलेली. त्यांना झालं. वाचले, पण पुन्हा एकटे चौकापर्यंत गेले नाहीत.

मला अक्कांचा राग येत नाही. येतो तो त्यांच्या पोराचा. त्याचा वास गेलेला, चव गेलेली, आणि हा चौकात चहा पीत हसत सांगायचा, “शेंगाचटणी पण लागंना झालीय बे!” काय झालंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. रात्री आज्जाच्या शेजारीच अंथरूण. त्याला कुठली मजुरी बुडायची होती?

गल्लोगल्ली_फिरलेली:
सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सुरू झालं तेव्हा ताप मोजायची गन आणि ऑक्सिमीटर घेऊन मी घरोघर जात होते. आम्ही गल्लीत शिरायच्या आधी बातमी शिरायची. लोक पॅरासिटामॉल घेऊन दारात बसायचे, मग कपाळावर काय ताप दिसणार? एका घरातली बाई बोटच देईना. “मेंदी लावलीय, मशीनला नीट कळत नाही म्हणे.” म्हणजे माहिती भरपूर होती बघा!

लपवायचे त्याला कारणही होतं. घर सील व्हायचं, गल्लीच्या तोंडाला बांबू लागायचे, दूधवाला वळून बघायचा नाही. आजारापेक्षा त्या बांबूंचं भय मोठं होतं. पण मेंदीवालीच्या आतल्या खोलीत नवव्या महिन्यातली सून होती, ते मी खिडकीतून पाहिलं.

नवीपेठेतला_मेडिकलवाला:
आमच्याकडे ‘आईसाठी’ म्हणून ताप-खोकल्याच्या गोळ्या नेणारे स्वतःच खोकत असायचे. जास्त काय सांगू.

जुन्या_मिलचा_नातू:
लिहू की नको असं झालंय, पण लिहितोच.

एप्रिल २०२१. पुण्याहून चुलतभाऊ घरी यायला निघाला. रॅपिड अँटिजेनचा निगेटिव्ह रिपोर्ट त्यानं आधीच घरच्या ग्रुपवर टाकला होता, त्यामुळे आल्यावर कुणी काही विचारलं नाही. आजोबांच्या पाया पडला. आज्जीच्या मांडीवर डोकं ठेवून आयपीएल बघितली. दोघांचा लशीचा पहिला डोस झाला होता, दुसऱ्याची वाट बघत होते.

तो येण्याआधी त्याचा रूममेट पॉझिटिव्ह आला होता. हे त्यानं सांगितलं नाही. त्याच्या मते निगेटिव्ह रिपोर्ट आल्यावर सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. लागण झाली तरी ती चाचणीत दिसायला काही दिवस जातात आणि लक्षणं यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस ती वाटायला लागतो, हे तोवर टीव्हीवर रोज घोकून झालं होतं. दोन-तीन दिवसांनी त्याला ताप आला. “उन्हातून फिरलाय,” काकू म्हणाली. सोलापूरचा एप्रिल, कुणालाही पटेल.

मग आजोबांची ऑक्सिजनची पातळी ९० च्या खाली गेली आणि आम्ही बेड शोधत या दारातून त्या दारात फिरलो. तेव्हाचं सगळ्यांनाच माहीत आहे, नव्यानं सांगत नाही. आजोबा गेले.

भावाला कुणी एक शब्द बोललं नाही, बोलूही नये. पण आज्जी आतल्या खोलीत खोकत असताना तेराव्याला सगळी भावकी घरात जेवली. पंगतीत एकानंही मास्क लावला नव्हता, कारण सगळे घरचेच! हे मला अजून गिळता येत नाही.

कडकभाकरी:
वाईट वाटलं वाचून. तरी विचारतो, प्रत्येक मरणाला आरोपी शोधायचाच का? दुसऱ्या लाटेत ते हवेतच होतं. आजोबांना लस घ्यायला गेल्यावर रांगेत झालं नसेल कशावरून?

जुन्या_मिलचा_नातू:
नसेलच असं मी कुठं म्हणालो? मला कोर्टात जायचं नाही. रूममेटचं कळलं असतं तर आजोबांनीच त्याला गच्चीवरच्या खोलीत झोपवला असता, ते मिलमधले शिस्तीचे मुकादम होते. किंवा म्हणाले असते, ये रे, माझ्याजवळ बस. ठरवायचं त्यांनी होतं.

कडकभाकरी:
हे मान्य.

पंढरपूरची_माहेरवाशीण:
२०२० च्या आषाढीला पालख्या एसटीनं आल्या. माझ्या वडिलांनी जन्मात चुकवली नव्हती ती वारी घरात बसून केली, कुरकुर न करता. पुढच्याच एप्रिलमध्ये पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक लागली आणि माझे भाऊ गळ्यात उपरणं घालून सभांना. तिथून सरळ ओल्या बाळंतिणीच्या खोलीत, बाळाचा पापा घ्यायला. आईनं झाडू दाखवला तेव्हा बाहेर आले. सरकारनं सभांना परवानगी दिली ते चूकच, पण पापा घ्यायला सरकारनं सांगितलं नव्हतं.

माजी_सिस्टर:
होटगीरोडकरीण, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. पाहुण्यांना ‘येऊ नका’ म्हटलं की मानापमान सुरू होतो. त्यापेक्षा खुर्च्या ओसरीत किंवा गच्चीवर मांडा, सासूबाईंनाही तिथंच आणा, वारा खेळता राहिला पाहिजे. सर्दी-खोकला असेल त्याला व्हिडिओ कॉल. घरात यायचंच असेल तर एन-९५, हनुवटीवर नव्हे. आणि फक्त कोरोनाचं धरून बसू नका, डायलिसिसच्या माणसाला साधा फ्लूही जड जातो. दरवर्षीची फ्लूची लस, न्यूमोनियाची आणि हिपॅटायटीस बीची, यातलं काय झालंय आणि काय राहिलंय ते किडनीच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

होटगीरोडकरीण:
हिपॅटायटीसची झालीय, फ्लूची नाही. बुधवारी डायलिसिसला गेलो की विचारते. मामांचा आत्ताच फोन येऊन गेला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला मुक्कामी येणार म्हणे, सोबत नातवंडं. ह्यांना सांगून टाकलंय, गच्चीचं तुम्ही बोलायचं, मामा तुमचे आहेत.