ड्राफ्टचं बोर्ड बरोबर आलं की नाही, हे मोजायचं कसं?

कोपऱ्यातला_थ्री

२०२१ पासून दरवर्षी एनबीए ड्राफ्टआधी (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) ६० खेळाडूंचं बोर्ड, म्हणजे माझी क्रमवार यादी, शीटमध्ये भरतो. माझा क्रमांक आणि प्रत्यक्ष पिक (खेळाडू कितवा निवडला गेला) यांच्यातला फरक म्हणजे चूक, असा साधा हिशोब आहे. पण २०२१ च्या बॅचची चार वर्षं झाल्यावर तो पटेनासा झालाय. अल्परेन शेंग्यूनला ८ वर ठेवलं होतं, तो १६ ला गेला, म्हणजे शीटच्या मते माझी आठाची चूक. तो तर २०२५ मध्ये ऑल-स्टार (लीगच्या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवड) झाला! ऑस्टिन रीव्ह्सला कोणी घेतलंच नाही, त्याच्यापुढे कुठला आकडा लिहू? दुसरी पद्धत कोणी वापरतं का?

अर्धा_कोर्ट

तुमच्या शीटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. कोण कितव्या नंबरवर जाईल, हा मॉक. कोण किती चांगला खेळेल, हे बोर्ड. मॉकचा निकाल ड्राफ्टच्या रात्री लागतो, बोर्डाचा चार सीझननंतर. तुम्ही बोर्डाला मॉकची फूटपट्टी लावताय.

बोर्डासाठी आधी 'यशस्वी' म्हणजे काय ते लिहून ठेवा, नंतर बदलायचं नाही. मी दोन पायऱ्या ठेवतो. पहिली, रोटेशन (टीम नेहमी खेळवते त्यांच्यात जागा): पहिल्या चार सीझनपैकी किमान दोनदा १,५०० मिनिटं, म्हणजे ८२ मॅचना साधारण १८ मिनिटं. २०२०-२१ मध्ये ७२ च मॅच होत्या, तिथे त्याच प्रमाणात १,३१७ धरा. दुसरी, स्टार: चार सीझनमध्ये एकदा तरी ऑल-स्टार.

मग क्रमांकाऐवजी टक्के लिहा. शेंग्यूनपुढे 'रोटेशन ७५, स्टार २०' असं. निकाल लागला की टक्के आणि निकाल (हो = १, नाही = ०) यांच्यातल्या फरकाचा वर्ग. स्टारला २० टक्के दिले आणि तो झाला, तर (०.२ − १)² = ०.६४. नाही झाला तर ०.०४. सगळ्यांची सरासरी म्हणजे तुमचा ब्रायर स्कोअर, जितका कमी तितका चांगला.

पण नुसत्या या आकड्यावर खूश होऊ नका. बहुतेक जण स्टार होतच नाहीत, सगळ्यांना ३ टक्के देणाराही चांगला दिसतो. म्हणून समोर एक मठ्ठ प्रतिस्पर्धी उभा करा: फक्त पिक नंबर बघून टक्के देणारा. २००५ ते २०१९ चे १५ ड्राफ्ट घ्या आणि पिकांचे गट करा: १–३, ४–७, ८–१४, १५–२२, २३–३०, ३१–४५, ४६–६०. एकेका पिकाला १५ च खेळाडू मिळतात, त्यावर टक्के काढले तर ते उगाच वरखाली नाचतात. १–३ च्या गटात ४५ येतात. या मठ्ठाला हरवलंत तर तुमच्या बोर्डात दम आहे. बहुतेकांची बोर्डं हरतात. एका वर्षाच्या निकालावर मात्र काहीच ठरवू नका, तीन-चार बॅच एकत्र करा.

रीव्ह्स तुमच्या ६० मध्ये असेल तर त्याचा निकाल मोजायचाच. न निवडलेल्यांचा आठवा गट करा, आणि मठ्ठाचे टक्के तुमच्यासारख्या बोर्डांवर असलेल्यांवरूनच काढा, नाहीतर हजारो नावांनी आकडा शून्याला टेकतो.

पिक_नंबर_४१

वरच्यात भर. बोर्ड गोठवायची तारीख ठरवा. नाव मागे घ्यायची शेवटची मुदत ड्राफ्टच्या दहा दिवस आधी असते, त्याआधी गोठवलं तर नाव मागे घेणारे यादीत अडकतात. गोठवल्यावर शीटची कॉपी काढून लॉक करा. 'मी तर त्याला वरच ठेवलं होतं' हे सगळ्यांनाच नंतर आठवतं.

टीमचा कॉलम भरताना ट्रेड बघा. शेंग्यूनवर नाव ओक्लाहोमाचं पुकारलं गेलं, खेळला ह्यूस्टनकडून. लुका डॉन्चिचला २०१८ मध्ये अटलांटाने तिसरा घेऊन डॅलसला दिला. 'कुठली टीम चांगलं हेरते' हे काढायला गेलात की इथे हमखास घोळ होतो.

टक्के ठरवताना:

वय दशांशात, ड्राफ्टच्या दिवशीचं. १९.१ आणि २२.४ चे सारखेच आकडे सारखे नसतात.

मिनिटं. डॉन्चिचने २०१७-१८ च्या युरोलीगमध्ये (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) मॅचला सरासरी १६ गुण केले, वाचायला साधे वाटतात. पण ते सुमारे २६ मिनिटांत, म्हणजे ४० मिनिटांना साडेचोवीस, तेही एकोणिसाव्या वर्षी मोठ्या माणसांसमोर.

थ्रीचे (लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटचे) टक्के जपून. १०० पैकी ३६ पडले तर खरी कुवत २७ ते ४५ मध्ये कुठेही असू शकते. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा, कोणी न अडवणारा शॉट) सोबत बघा. २०१७ चा पहिला पिक मार्केल फुल्ट्झ, त्याचे कॉलेजात थ्री ४१.३ टक्के, पण प्रयत्न सव्वाशेच. फ्री थ्रो ६४.९. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, तिथेच थांबायला हवं होतं. (पुढे त्याच्या खांद्याचं दुखणं निघालं, त्यामुळे सगळा दोष टक्क्यांवर ढकलू नका.)

समर लीगच्या (ड्राफ्टनंतरची नवख्यांची उन्हाळी स्पर्धा) पाच मॅच शीटमध्ये घेऊच नका.

कोपऱ्यातला_थ्री

दुखापतवाल्यांचं काय करता? चार वर्षं ड्राफ्टपासून मोजायची की पहिल्या मॅचपासून?

अर्धा_कोर्ट

जोएल एम्बीड घेऊन बघा. २०१४ चा तिसरा पिक, पहिले दोन सीझन पूर्ण बाहेर. २०१६-१७ मध्ये ३१ मॅच, ८०० च्या आतबाहेर मिनिटं. २०१७-१८ मध्ये सुमारे १,९०० मिनिटं आणि ऑल-स्टार. म्हणजे ड्राफ्टपासून मोजलं तर माझ्याच व्याख्येने हा माणूस 'स्टार' आहे पण 'रोटेशन' नाही! म्हणून नियमात जोड द्यावी लागली: स्टार झाला की रोटेशन आपोआप धरायचं.

बाकी स्कोअर ड्राफ्टपासूनच काढा. पाय मोडका आहे हे ड्राफ्टआधी माहीत असतं, ती जोखीम टक्क्यांतच यायला हवी. पहिल्या मॅचपासूनचा निकाल शेजारच्या कॉलममध्ये ठेवा, म्हणजे अंदाज खेळाबद्दल चुकला की तब्येतीबद्दल, ते कळेल.

पिक_नंबर_४१

आणि चार वर्षं धीर नसेल तर मधली एक खूण: पहिल्या फेरीच्या (पहिले ३० पिक) करारात तिसरं आणि चौथं वर्ष टीमच्या मर्जीवर असतं, निर्णय ३१ ऑक्टोबरपर्यंत. टीमने तिसरं वर्षच नाकारलं तर त्या नावापुढे पेन्सिलने फुली मारायला हरकत नाही. स्कोअर मात्र चौथ्यानंतरच.