बांधाचा वाद कोर्टात गेला तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

बांधकरी
सुरुवात मीच करतो. नगरकडची जमीन. शेजारी दर पेरणीला एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक चर, बांध कोरत आला. वडील म्हणायचे, जाऊ दे, तासभर मातीनं कोण श्रीमंत झालंय? विहिरीच्या अंगाला चार हात रुंद असलेला बांध दीड हातावर आला, बाभळीची मुळं फाळानं उघडी पडली, तेव्हा कुठं मोजणीचा अर्ज टाकला. आमचे साडेसात गुंठे त्यांच्या बाजूला निघाले. मोजणीचा नकाशा, म्हणजे 'क' प्रत, हातात आली तेव्हा मी पेढे आणले होते! वकीलसाहेब हसले. मोजणी हद्द दाखवते, ताबा नाही देत. ताब्यासाठी दिवाणी दावा लावला, त्याला नऊ वर्षं झाली. तुमचंही लिहा, हरला असाल तरी.

चिऱ्याचा गडगा
आमचा गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, शेजाऱ्यानं एका रात्रीत पाडला आणि आठ फूट आत नवा घातला. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम 6 खाली नुसत्या ताब्यावर दावा करता येतो, मालक कोण हे तिथं बघतच नाहीत. पण मुदत 6 महिने. काका म्हणाले, गणपती होऊन जाऊदे, मग बसून बोलू. गणपती झाले, दिवाळी झाली, शिमगाही झाला. मग मालकीचा दावा लावावा लागला आणि पणजोबांपासूनचे कागद गोळा करत फिरलो. सामोपचार करा हो, पण दावा दाखल करून करा.

मोडी वाचणारी
माझं उलटं. शेजाऱ्यांनी आमच्यावरच दावा लावला : 12 वर्षांहून जास्त आमची वहिवाट आहे, प्रतिकूल ताब्यानं जमीन आमची झाली. पीकपाहणीतही त्यांचंच नाव. मी पुण्यात, आई थकलेली, हातपायच गळाले. आजोबांच्या ट्रंकेत, पंचांगात घडी घालून ठेवलेलं एक आंतरदेशीय पत्र सापडलं. शेजारच्या तात्यांचं. "वैरणीपुरता पट्टा वापरतो आहे, आपण म्हणाल तेव्हा सोडीन." परवानगीनं वापरलेली जमीन प्रतिकूल ताब्यात जात नाही. तात्यांच्या मुलानं उलटतपासणीत अक्षर ओळखलं. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचंच वाईट वाटलं.

शिवार
आमच्या दाव्यात कोर्टानं मोजणीसाठी कमिशनर नेमला. मोजणी सुरू करायची तीन गावांच्या शिवा (हद्दी) मिळतात त्या दगडापासून, आणि तो दगड रस्त्याच्या कामात जेसीबीनं उखडलेला. कमिशनरनं दुसरी खूण धरली. समोरच्यांची हरकत : खूणच चुकीची. मग पुन्हा मोजणी, पुन्हा फी.

मधली आळी
आम्ही 2023 ला आलेल्या राज्य सरकारच्या सलोखा योजनेत मिटवलं. त्यांच्या जमिनीचा गट आमच्या ताब्यात, आमचा त्यांच्या, तोही 12 वर्षांच्या वर. अदलाबदल दस्त झाला, मुद्रांक 1000 रुपये आणि नोंदणी फी 1000. मात्र दोघांचीही तयारी लागते. आमच्याकडं ती दोन्ही म्हातारे गेल्यावर झाली.

बांधकरी
@मधली आळी, आमच्याकडं अदलाबदलीला काही नाही, त्यांनी फक्त घेतलंय. आणि ताजी बातमी : ती बाभळ गेल्या वळवात आडवी झाली. लाकूड कुणाचं, यावर आता वेगळा अर्ज पडलाय.