मदत हवी आहे: थायलंडमधल्या मुलांना गणिताची गोडी कशी लावावी?

नमस्कार मंडळी. मी ईशान्य थायलंडमधल्या खोन केन प्रांतात एका सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वर्ग मथ्थयोम २, म्हणजे आपली आठवी. मुलं लाघवी आहेत, मोठ्यांना मान देतात, पण बरीचशी प्रयत्नच करत नाहीत.

इथे श्रेणी ० ते ४ अशी असते. शून्य मिळालं तर फेरपरीक्षा देऊन ते काढता येतं. पद्धत मुळात चांगली आहे. पण मी पाहते ते असं, की मित्राची वही उतरवून आणली तरी १ मिळतो आणि मूल पुढच्या वर्गात जातं. मुलांना हे आधीच ठाऊक असतं, मग ती कशाला धडपडतील? २०२२ च्या पिसा चाचणीत (पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी) थायलंडला गणितात ३९४ गुण होते, ओईसीडी, म्हणजे बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांची सरासरी ४७२.

मुलं आळशी आहेत असं मला अजिबात वाटत नाही. कित्येकांचे आईवडील बँकॉककडे कामाला, घरी आजी-आजोबा. शिवाय चारचौघांत चुकायची फार लाज, त्यामुळे हात वर होत नाही.

वरिष्ठ शिक्षकांचा मान राखून फेरपरीक्षा खरीखुरी कशी घेता येईल? अपूर्णांकांवरच अडलेल्या मुलांना आठवीच्या तासात कसं सामावून घ्यायचं? जिल्हा परिषद शाळांत स्तरानुसार गट करून शिकवणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा. चाळीसच्या वर मुलं असताना गट कसे सांभाळता? थायलंडमध्ये शिकवणारं कुणी असेल तर जरूर लिहा.