वादळात लाइट नेमकी कुठून जाते, आणि समोरच्या घरात कशी काय राहते?

सुदामानगरवासी

नमस्कार मंडळी. मे-जूनमध्ये आंधी सुटली की इंदूरच्या जुन्या वस्त्यांत, रामबाग असो की लोकमान्यनगर, लाइट जाणार हे ठरलेलंच. पण जाण्याचे प्रकार निरनिराळे असतात. कधी रस्त्यावरच्या दिव्यांसकट सगळं अंधारात, कधी ओळीतली काही घरं गेली आणि काही चालू. कधी लाइट असते, पण पंखा रेंगाळतो आणि फ्रिज नुसता गुरगुरतो. कधी पाऊस चार थेंब आणि लाइट पाच वेळा ये-जा करते. ‘झाड पडलं असेल’ एवढ्याने समाधान होत नाही, कारण पुष्कळदा कुठेच काही पडलेलं दिसत नाही. सबस्टेशनपासून मीटरपर्यंत काय काय बिघडतं, आणि घरात जे दिसतं त्यावरून बिघाडाची जागा ओळखता येते का? तक्रार करताना काय सांगावं म्हणजे लाइनमन थेट तिथे पोचेल?

फीडर_ते_फ्यूज

ओळखता येते, बऱ्यापैकी. आधी विजेची वाट बघा: ३३/११ केव्ही सबस्टेशन, तिथून निघणारा ११ केव्हीचा फीडर (मुख्य लाइन), मग गल्लीतली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जी ११ हजारांचे ४३३ व्होल्ट करते, पुढे एलटी (कमी दाबाची) लाइन, खांबावरून सर्व्हिस वायर आणि मीटर. डीपीवरची घरं तीन फेजमध्ये, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारांवर, वाटलेली असतात. समोरचं घर दुसऱ्या फेजवर किंवा दुसऱ्या डीपीवर असेल, तर तुमच्याकडे अंधार आणि तिथे टीव्ही चालू, यात नवल नाही.

काही न पडता लाइट का जाते? कारण पुष्कळदा ती संरक्षणासाठी तोडलेली असते. ओली फांदी ११ केव्हीच्या तारेला टेकली की करंट झाडातून जमिनीत उतरतो. सबस्टेशनमधला अर्थ फॉल्ट रिले ते ओळखतो आणि ब्रेकर पाडतो. थोड्या वेळाने ऑपरेटर ट्रायल घेतो, म्हणजे लाइन पुन्हा चालू करून बघतो. वाऱ्याने फांदी बाजूला झाली असेल तर लाइन टिकते, नाहीतर पुन्हा ट्रिप. तुमची पाच वेळची ये-जा बहुधा हीच. गुलमोहर आणि निलगिरी यात आघाडीवर, दोघांच्या फांद्या ठिसूळ. एलटीच्या तारा उघड्या असतील तर आणखी एक प्रकार होतो: एका तारेला झोळ जास्त असला की वाऱ्यात ती शेजारच्या तारेवर आपटते, ठिणग्या उडतात आणि डीपीवरचा फ्यूज जातो. झाकलेली बंच केबल असेल तिथे हे टळतं, मात्र खांबावरचे कनेक्टर सैल पडतात.

चार थेंबांचं कोडं धुळीत आहे. उन्हाळाभर माळव्याची धूळ चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसते. कोरडी असेपर्यंत तिचा त्रास नाही. भुरभुर पाऊस तिला ओली करतो पण धुऊन नेत नाही, आणि त्या ओल्या थरावरून करंट खांबाकडे सरकतो. जोराची सर आली तर उलट इन्सुलेटर स्वच्छ होतो. त्यातून विजेच्या कडकडाटात एखाद्या पिन इन्सुलेटरला भेग गेली असेल, तर ती खालून टॉर्च मारूनही दिसत नाही. मग फीडरचे तुकडे करून शोधावं लागतं: मधला एबी स्विच (खांबावरचा लाइन तोडायचा स्विच) उघडायचा, अलीकडच्या भागात वीज सोडायची, टिकला तर दोष पलीकडे. असं करत करत एका खांबावर यायचं. भर पावसात रात्री यात तास जातात, आणि पाऊस थांबून दोन तास झाले तरी लाइट का नाही, याचं खरं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

शिवाय खांबावर चढण्याआधी लाइनमन परमिट घेतो, म्हणजे फीडर बंद करवून, तारा अर्थ करून मगच हात लावतो. तेवढा वेळ तुमची गल्ली ठणठणीत असली तरी अंधारात राहते. यात घाई करायला लावू नका, जीव जातात.

आता रेंगाळणारा पंखा. डीपीच्या वर ११ केव्हीच्या बाजूला तीन डीओ फ्यूज (उडाले की खाली लटकणारे) असतात. वीज कडाडून त्यातला एक उडाला की खालच्या तीनपैकी एका फेजवर पूर्ण व्होल्टेज राहतं आणि उरलेल्या दोन फेजवर साधारण निम्मं, म्हणजे ११०-१२० व्होल्ट, भाराप्रमाणे थोडं कमी-जास्त. पुष्कळसे एलईडी बल्ब एवढ्यावरही नीट उजेड देतात, म्हणून फसायला होतं. फ्रिजचा आणि एसीचा कॉम्प्रेसर मात्र फिरू शकत नाही, जागच्या जागी करंट ओढत तापतो आणि शेवटी जळतो. पंखा मंद दिसला की आधी फ्रिज, एसी आणि पाण्याची मोटर बंद करा, तक्रार नंतर.

बोर्ड_आणि_अर्थिंग

वरच्या उत्तरात एक भर घालतो, कारण ही बाब सगळ्यांत महागात पडते: तुटलेला न्यूट्रल. वादळात एलटी लाइनचा न्यूट्रल, म्हणजे करंट परतायची तार, सुटला की शेजारशेजारची घरं एकमेकांच्या भारावर लटकतात. ज्या फेजवर भार कमी तिथे व्होल्टेज ३०० च्याही वर जाऊ शकतं, जिथे जास्त तिथे ते पडतं. याची खूण म्हणजे दिवे स्थिर मंद नसतात, वर-खाली होतात. शेजारी कुणी गीझर लावला की तुमचा दिवा एकदम प्रखर होतो. असं दिसलं की मेन स्विच पाडायचा, एक मिनिटही थांबायचं नाही. सेट-टॉप बॉक्स, वायफाय राउटर, एलईडी ड्रायव्हर आधी जातात. डीबीमध्ये (घरातल्या स्विचच्या पेटीत) ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले बसवलेला असेल तर तो आपोआप तोडतो. सर्ज अरेस्टर वेगळा, तो विजेच्या क्षणिक धक्क्यासाठी असतो, तासभर चालणाऱ्या जादा व्होल्टेजसाठी नाही. दोन्ही लागतात, आणि अरेस्टरला चांगलं अर्थिंग नसेल तर त्याचा उपयोग नाही.

फक्त तुमच्याच घरी लाइट नसेल तर आधी डीबी बघा. पावसात बहुधा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाइट तोडणारा स्विच) पडलेला असतो, कारण गच्चीवरचा किंवा फाटकावरचा दिवा भिजलेला असतो. सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे छोटे स्विच) खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एमसीबी एकेक करून चढवा. ज्याला पडेल ते सर्किट ओलं. आणि सगळे एमसीबी खाली असूनही आरसीसीबी टिकत नसेल तर गोंधळू नका. एक पोलाचा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. ओल्या पॉइंटमध्ये न्यूट्रल अर्थला लागला असेल तर असं होतं. तिथे वायरमन बोलवा, बाहेरच्या दिव्यांचा न्यूट्रल सोडवून तपासावा लागतो. आरसीसीबी बायपास करून रात्र काढू नका.

सुदामानगरवासी

मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. गच्चीवर सोलार असलेल्यांची लाइटही का जाते? आणि फीडर परत आला की दहा मिनिटांत पुन्हा का पडतो?

गच्चीवरचं_ऊन

नेट मीटरवाला सोलार इन्व्हर्टर लाइनच्या व्होल्टेजवर स्वार होऊनच चालतो. लाइन गेली की त्याने दोन सेकंदांच्या आत बंद पडायचं, असा नियमच आहे, नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज उलट डीपीत शिरेल. डीपी उलट्या दिशेनेही काम करते: खाली २३० व्होल्ट दिले तर वर ११ हजार तयार होतात, आणि तिथे लाइनमनचा हात असतो. याच कारणाने जनरेटर कधीही सॉकेटमधून घरात द्यायचा नाही, चेंजओव्हर स्विच हवाच. वादळातही उजेड हवा असेल तर बॅटरीसकट हायब्रिड इन्व्हर्टर घ्या आणि पंखे-दिवे वेगळ्या सर्किटवर काढा.

फीडर पुन्हा पडण्याचं कारण असं: तासाभराच्या अंधारानंतर सगळ्यांचे एसी आणि फ्रिज एकाच क्षणी सुरू होतात, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्याही एकदम चार्जिंगला लागतात. एरवी एसी आळीपाळीने चालू-बंद होत असतात, तो आळीपाळीपणाच राहत नाही, आणि भार नेहमीपेक्षा बराच वाढतो. लाइट आली की एसी दहा-पंधरा मिनिटं थांबवून लावा.

फीडर_ते_फ्यूज

तक्रारीचं सांगतो. १९१२ वर फोन लावताना बिलावरचा आयव्हीआरएस नंबर (ग्राहक क्रमांक) हाताशी ठेवा. नुसतं ‘लाइट नाही’ म्हणू नका. रस्त्यावरचे दिवे आहेत का, शेजारच्या किती घरांत आहे, व्होल्टेज निम्मं आहे की वर-खाली होतंय, ठिणगी किंवा आवाज कुठल्या खांबाजवळ झाला, हे सांगा. खांबावर किंवा डीपीवर नंबर रंगवलेला असेल तर तो द्या. ‘डीपीवर आवाज झाला आणि दोन फेज निम्मे आहेत’ एवढं वाक्य ऐकलं की माणूस डीओ फ्यूजची तार घेऊनच निघतो.

तार खाली पडली असेल तर ती मेलेली समजू नका. कोरड्या डांबरावर पडलेल्या ११ केव्हीच्या तारेतून करंट इतका कमी वाहतो की रिलेला कळतही नाही, आणि तार जिवंत राहते. दहा मीटर लांब राहा, आणि जवळ सापडलातच तर पाय जोडून छोटी छोटी पावलं सरकवत बाहेर या. दोन पायांमध्ये अंतर पडलं की त्यांच्यामधलं व्होल्टेजच मारतं.

झाडांचं काम एप्रिलमध्ये करून घ्या. वीज कंपनी पावसाळ्याआधी मेंटेनन्ससाठी शटडाउन घेते, त्याच दिवशी झोनवर (कंपनीच्या आपल्या भागातल्या ऑफिसात) सांगून आपल्या अंगणातली फांदी छाटून घेता येते. ११ केव्हीच्या तारेपासून घराच्या भिंतीचं आडवं अंतर किमान १.२ मीटर आणि गच्चीपासून उभं ३.७ मीटर असावं लागतं. गच्चीवर पत्र्याची शेड वाढवताना हे अंतर मोजायचं राहून जातं. तारेजवळची फांदी स्वतः तोडू नका, लाइन बंद झाल्याचं लाइनमनने सांगितल्याशिवाय कोयता बाहेर काढूच नका.